बडोद्याची सराई आणि अकरा दिवस

23 सप्टेंबरला आम्ही खोपटहून सहकुटुंब बडोद्याला गेलो. एस. टी.ने बोरिवली व पुढे आगगाडी. सयाजीबागेतल्या, म्हणजे जुन्या कामाठी बागेतल्या, वडाखाली या दिवशी माणसे जमतात. पण वडाच्या आधी एक सराई होती, हे आमच्या मुलांना ठाऊक नव्हते. गाडीतच ती हकिकत सांगितली.

1917 साली बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास आले. संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत शिकले होते. पण शहरात उतरायचे कुठे? हिंदू हॉटेलात कोण घेणार? त्यांनी पारशी सराई गाठली. इमारत दुमजली, खाली म्हातारा पारशी रखवालदार सहकुटुंब राही. कोट उतरताच अंगात सदरा व कस्ती नाही हे त्याने ओळखले. पण पारशी प्रवासी येईनासे झाले होते. सराई बंद पडल्यात जमा होती. दीड रुपया रोज ठरला आणि नोंदवहीत पारशी नाव लिहिले गेले. वर लहानशी खोली. शेजारच्या दालनात फळ्या, बाके, मोडक्या खुर्च्या. विजेचा दिवा नाही. कंदिलाच्या मिणमिणत्या उजेडात बाबासाहेब वाचत बसत.

अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्यावर आले. संध्याकाळपर्यंत सराई सोड, असे बजावून गेले. हिंदू मित्राला विचारले, तर घरचे नोकर निघून जातील म्हणाला. ख्रिस्ती मित्र म्हणाला, पत्नीला विचारावे लागेल. मुंबईची गाडी रात्री नऊची. तोवरचे तास बाबासाहेबांनी कामाठी बागेत काढले.

वडाखाली बसलो असता धाकटीने विचारले, "बाबासाहेबांनी खोटे नाव का लिहिले?"

आम्ही दोघेही गप्प झालो. खोपटला पहिली खोली घेताना आम्हीही घरमालकाला आडनाव सांगितले नव्हते. गावाच्या नावावर वेळ निभावून नेली होती. पुढे पत्रेही त्याच नावाने येत राहिली.

मग तिला सांगितले, "डोक्यावर छप्पर हवे होते म्हणून. पण ते त्यांनी लपवून ठेवले नाही. स्वतःच लिहून ठेवले." 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचे आत्मकथन 1990 साली पुस्तिकारूपाने निघाले. सराईची ही सारी हकिकत त्यात आहे. वाचकहो, आपल्या मुलांना ती वाचून दाखवा.

घरी परतल्यावर आम्ही दारावर नवी पाटी लावली. तीवर आडनाव पूर्ण आहे.