दोन चाकांचं वाटप

आमच्या बडोद्याच्या घरात सध्या दोन प्रश्न एकदमच चालू आहेत. धाकट्या भावाच्या रिमोटच्या गाडीत कुठला डिफरन्शियल बसवायचा, हा पहिला. पप्पांनी शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले पैसे आम्हा दोघांत कसे वाटायचे, हा दुसरा. बी.ए.ची तीन वर्षं मी मुंबईत मावशीकडे राहिले. आता मावशी वसईला गेली, म्हणजे एम.ए.साठी हॉस्टेल आलं. भावाला खाजगी कॉलेजात मेकॅनिकलचा डिप्लोमा करायचाय. पप्पा म्हणतात, "अर्धे-अर्धे. भांडण नको."

आधी गाडीचं. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. भावाच्या गाडीत दोन मागच्या चाकांमध्ये २० सेंटिमीटर अंतर आहे. ती एक पूर्ण गोल फिरली, की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळजवळ सव्वा मीटर जास्त चालतं. गोल लहान घ्या की मोठा, फरक तेवढाच. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बसवली तर एकाला घसटत जावं लागणार. म्हणून मध्ये डिफरन्शियल. पेकर नावाच्या फ्रेंच माणसाने १८२०च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं होतं.

भावापुढे तीन पर्याय होते. पहिला, डिफरन्शियल सरळ लॉक करणं. खर्च शून्य, दोन्ही चाकं कायम एकाच वेगाने. मोकळ्या मातीत चालून जातं, पण पकड चांगली असली की गाडी वळायलाच मागत नाही, टायर झिजतात. दुसरा, बॉल डिफरन्शियल. दोन चकत्यांमध्ये बारीक गोळ्या, आणि एका स्क्रूने घट्ट-सैल करायची सोय. चालतो अगदी मुलायम, पण धूळ शिरली की खराब होतो आणि पुन्हापुन्हा उघडावा लागतो. आमच्यामागचं मैदान मे महिन्यात म्हणजे नुसती धूळ! तिसरा, गिअर डिफरन्शियल. बंद डबीत छोटे दातेरी गिअर, आणि त्यात सिलिकॉन तेल. तेल जितकं दाट, तितकी दोन चाकं एकमेकांना धरून राहतात.

मला वाटायचं, साधा डिफरन्शियल घसरणाऱ्या चाकाला सगळा जोर देऊन टाकतो. भाऊ म्हणाला, "नाही ताई, जोर तो दोघांना सारखाच देतो. लोचा तिथेच आहे." एक चाक धुळीत गरगर फिरायला लागलं, की त्याला फिरवायला जोर लागतोच किती? तेवढाच जोर दुसऱ्या, चांगल्या पकडीच्या चाकाला मिळतो. वाटप अगदी समान, आणि गाडी जागच्या जागी.

हे ऐकल्यापासून पप्पांचं 'अर्धे-अर्धे' माझ्या डोक्यातून जाईना. अर्ध्या पैशांत माझं हॉस्टेल होत नाही, त्याची फीही भरत नाही. कुणावर अन्याय नाही, आणि दोघंही जागच्या जागी.

त्या रविवारी मिसा झाल्यावर मी मम्मीशी द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दाखल्यावर बोलत होते. सकाळी आलेल्यालाही एक दिनार, संध्याकाळी आलेल्यालाही एक दिनार. मी म्हटलं, येशूनेही सारखंच वाटलं की! मम्मी म्हणाली, "सारखं कुठे? एक दिनार म्हणजे घरच्यांची एका दिवसाची भाकर. शेवटी आलेल्याच्या घरीही पोरं जेवणारच ना?" म्हणजे मालकाने तास मोजले नाहीत, गरज मोजली.

सगळीकडे डिफरन्शियल लागतोच असंही नाही. आमच्याच बडोदे संस्थानात डभोई ते मियागाम नॅरोगेज १८६२ मध्ये बैलांनी ओढली होती. आजही रेल्वेच्या डब्याची दोन चाकं एकाच दांड्याला पक्की असतात. पण त्या चाकांची कड किंचित उतरती असते. वळणावर चाकांची जोडी बाहेर सरकते, बाहेरचं चाक जाड भागावर चालतं, आतलं बारीक भागावर. दोघं बांधलेली असूनही हिशोब जुळतो, कारण जोडी सरकायला तयार असते.

शेवटी भावाने गिअर डिफरन्शियलच घेतला. तेल आधी १,००० नंबरचं घातलं, तर एक चाक उगाच गरगरत राहिलं. मग १०,०००चं घातलं, तेव्हा वळणावर गाडीची शेपटीच फिरायला लागली. आता ५,०००वर थांबलोय. हे पुस्तकात मिळत नाही, मैदानात जाऊनच कळतं.

दुसऱ्या प्रश्नावर मी घरात माझं म्हणणं मांडलंय. या वर्षी त्याची फी पूर्ण भरायची. मी महाराजा सयाजीराव विद्यापीठात मराठीत एम.ए. करेन, घरून सायकलने जाईन. भाऊ चिडला. "मला तुझं दान नको," म्हणाला. मी म्हटलं, दान कसलं, दोन वर्षांनी मला पीएच.डी.साठी बाहेर जायचंय, तेव्हा तुझा डिप्लोमा होत आला असेल आणि पाळी माझी. तो काही बोलला नाही. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गच्चीवर गेला.

पप्पांनी अजून होकार दिलेला नाही. फॉर्म मात्र मी भरून ठेवलाय. तेव्हा मंडळातल्या दोस्तांनो, पुढच्या वर्षी अंकाच्या बैठकीला मी नसेन. लेख बडोद्याहून पाठवत जाईन.