मागचं चाक

एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसून ज्याने पोलादपूर ते महाबळेश्वर असा आंबेनळी घाट केलेला नाही, त्याला मी आज जे सांगणार आहे ते अर्धंच कळेल. पुढच्या बाकावरचा माणूस डुलक्या काढत असतो आणि त्याच खड्ड्यावर मागचा माणूस टपाला डोकं लावून खाली येतो. कारण साधं आहे. शेवटचा बाक मागच्या चाकांच्याही मागे असतो. चाक जेवढं उचललं जातं त्याहून बाक जास्त उचलला जातो, तरफेच्या टोकासारखा. आयुष्यभर त्या बाकावर आपटलो, पण हे कळलं पंचाहत्तरीत, तेही एका खेळण्यातल्या गाडीमुळे. (नोकरीत मी मराठी आणि इतिहास शिकवला. विज्ञानाशी संबंध पर्यवेक्षणापुरता!)

तर झालं असं. २२ जुलै २०२१ ला महाडात जो पूर आला त्यात आमच्याही घरात पाणी शिरलं. खालच्या कपाटातली पुस्तकं, फोटो, सगळं चिखलात गेलं. वाचलं ते माळ्यावरचं. पण माळ्यावर काय आहे ते बघायचं मन पुढे काही वर्षं झालं नाही. गेल्या दिवाळीत पुण्याहून नातू आला, न विचारता वर चढला आणि एक खोका घेऊन उतरला. आत रिमोटची गाडी. त्याच्या बापाची.

ही गाडी माझ्या मेहुण्याने १९९१ साली दुबईहून आणली होती. मुलगा तेव्हा नववीत होता. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची ‘बग्गी’. म्हणजे मातीत, दगडधोंड्यांत पळवायची उघड्या चाकांची गाडी. दहावीच्या सहामाहीत गणितात गुण कमी पडले तेव्हा मी ती खोक्यात घातली आणि माळ्यावर ठेवली. "परीक्षा झाली की मिळेल," असं म्हटलं होतं. परीक्षा झाली. बारावी झाली. त्याने मागितली नाही आणि मी दिली नाही. पुढे तो बँकेत लागला. आमचं बोलणं बरं असतं, पण प्रकृती, पाऊस आणि पैसे पोचले का, एवढ्यावर संपतं.

नातवाने फोन करून त्याला सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "अजून आहे ती?"

आठवड्याभरात पुण्याहून नवा रिमोट आणि ७.२ व्होल्टची बॅटरी आली (१.२ व्होल्टचे सहा सेल एकापुढे एक). नातू सुट्टी संपवून गेला होता. जोडाजोडी आमच्या ओळखीच्या एका टीव्ही दुरुस्तीवाल्याने करून दिली आणि मी एकटाच गाडी घेऊन गावाबाहेरच्या मोकळ्या खाचरात गेलो. भात कापून झालेलं, जमीन वाळून भेगाळलेली, मध्ये धसकटं. गाडी सुटली ती नाकतोड्यासारखी! पुढची चाकं बऱ्यापैकी जमिनीवर, पण मागची बाजू टुणटुण उडत होती. वळणावर रेस सोडली की मागचा भाग सरळ पुढे यायचा आणि गाडी तोंड फिरवून माझ्याकडेच बघायची.

(नाकतोडा हे नाव ठेवणारा मी पहिला नव्हे. जपानच्या तामिया कंपनीने १९८४ साली आपल्या एका बग्गीचं नावच ‘ग्रासहॉपर’ ठेवलं होतं.)

मास्तर माणूस, उपाय लगेच सुचला. मागची बाजू उडते ना? मग दाबून ठेवा. मासेमारीच्या जाळ्याला लावतात ते शिसं आणून मागे बांधलं. सरळ रेषेत गाडी शहाणी झाली. पण वळणावर ते वजनच मागची बाजू बाहेर फेकू लागलं. मग वाटलं, स्प्रिंगा ढिल्या असतील. त्यांच्या बुडाशी प्लास्टिकच्या कड्या असतात, त्या वाढवून स्प्रिंगा ताठ केल्या. आता गाडी उडायची ती दगडासारखी.

शेवटी मुलाला फोन लावला. पाऊस आणि प्रकृती सोडून दुसऱ्या विषयावर मी त्याला फोन करण्याची ही बहुधा पहिलीच वेळ. तो बोलू लागला आणि मी वही घेऊन बसलो.

त्याने सांगितलं ते असं. आपल्या गाडीला मागे अखंड आस आहे. गिअरबॉक्स, मोटर आणि दोन्ही चाकं असा एकच जड गोळा. तो सगळा गोळा चाकांबरोबर वरखाली होतो, म्हणून ढेकळावरून गेला की सावकाश परत येतो. शिवाय एक चाक दगडावर चढलं की दुसरंही कलतं. एस.टी.ला, ट्रकला मागे असंच असतं, फक्त तिथे स्प्रिंगऐवजी कमानपाटे असतात. स्वस्त आणि दणकट गाडी करायची तर ही रचना चांगली. उलट त्याच १९८४ साली अमेरिकेतल्या असोसिएटेड कंपनीने ‘आरसी टेन’ नावाची बग्गी काढली. तिचं प्रत्येक चाक स्वतंत्र वरखाली होई आणि चारही चाकांना तेल भरलेले शॉकअप होते. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात या मापाच्या बग्ग्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, त्यात दोन चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत जे हॅल्सी ती घेऊन जिंकला.

"पण बाबा, खरी गोष्ट तेलाची आहे," तो म्हणाला. "स्प्रिंग नुसतं साठवते आणि परत देते. दाबलंत तेवढं ती उसळणार. तिला थांबवायला कुणीतरी लागतं. शॉकअपमध्ये तेल असतं, त्यात बारीक भोकांची चकती फिरते. तेलाला त्या भोकांतून जायला कष्ट पडतात. त्या कष्टात उसळीची उष्णता होऊन जाते. आपल्या गाडीला मागे नुसत्या स्प्रिंगा आहेत. तेल नाहीच."

हे त्याला कधीपासून माहीत होतं, ते विचारायचं राहून गेलं.

मागच्यासाठी तेलाच्या शॉकअपची जोडी त्याने कुरियरने पाठवली. तेल वेगळं मागवावं लागतं हे मात्र त्याच्या लक्षात राहिलं नाही आणि मला धीर नाही. घरात शिलाई मशीनचं तेल होतं, ते फार पातळ निघालं. मग हिच्या नकळत खोबरेल भरलं. हायवेला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं गॅरेज आहे, त्याने बघितलं आणि हसू दाबत म्हणाला, "सर, तेल कुठलंही असो, आधी हवा काढा. आत बुडबुडा राहिला की शॉकअप मध्येच पोकळ होतो." दांडी सावकाश वरखाली करत बसायचं, बुडबुडे संपेपर्यंत. जपमाळ ओढायला बरं वय आहे माझं.

डिसेंबरच्या सुट्टीत नातू पुन्हा आला. माझी धाकटी बहीण पोलादपूरच्या पुढे, उमरठच्या बाजूला राहते. तिच्या खळ्यात गाडीचा जाहीर प्रयोग ठरला. अगदी सकाळी सात वाजता वाडीतली दहाबारा पोरं जमली. गाडी सोडली, आणि ती पूर्वीपेक्षा वाईट उडाली! मागची बाजू लाकडासारखी. दाबली तर दबेचना. पोरं हसून लोळली. नातू रडवेला झाला. बहीण चहा घेऊन आली, गाडीकडे न बघताच म्हणाली, "दादा, खोबरेल घातलंयस ना? माझी बाटली बघ की चुलीजवळ ठेवलेली. थिजलं असेल."

थिजलंच होतं. खोबरेल चोवीसपंचवीस अंशांच्या खाली घट्ट होऊ लागतं. दुपारच्या महाडात वाहणारं तेल पोलादपूरच्या थंडीत लोणी झालं होतं. ऊन वर आलं तशी गाडी आपोआप सुधारली. त्या दिवसापासून सिलिकॉन तेल, ३५० क्रमांकाचं. थंडीउन्हात त्याचा दाटपणा त्या मानाने फार कमी बदलतो, म्हणून तर ते वापरतात.

आता मी रीतसर कामाला लागलो. दोनशे पानी वही, उभे रकाने: तारीख, जागा, काय बदललं, काय झालं. एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या की गुण कशाचा आणि दोष कशाचा ते कळत नाही. शिसं काढलं. परीक्षा एकच ठेवली. गाडीची मागची बाजू हाताने दाबून सोडायची. तीनदा उसळली तर तेल पातळ. रेंगाळत वर आली तर दाट. एकदाच वर येऊन गप्प झाली तर पास.

पास झाली. उडणं निम्म्याने कमी झालं. पण खोलगट जागी मागचं चाक अजून अधांतरी व्हायचं, हवेत गरगरायचं आणि जमिनीला लागलं की गाडीला हिसका बसायचा. दोन आठवडे डोकं खाजवलं. तेल बदललं, टायर बदलले. काही नाही.

मग एका दुपारी रिकामा खोका टाकून द्यावा म्हणून उचलला. तळाशी पुठ्ठ्याखाली एक वही होती. शंभर पानी, मराठी निबंधाची, मुलाची. माझ्याच वर्गात होता तो तेव्हा. मागच्या पानावर पेन्सिलीने काढलेलं गाडीच्या मागच्या आसाचं चित्र, बाण, मापं. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या स्प्रिंगेवर कशा बांधायच्या तेही. (त्या पट्ट्या मी साफसफाईत कचरा म्हणून कापून टाकल्या होत्या. उसळी मारायला त्याने केलेला उपाय होता तो.) आणि खाली वळणदार अक्षरात दोन ओळी. गाडी नुसती उभी असताना स्प्रिंग थोडी दबलेली पाहिजे. आत्ता चाकाला वर जायला जागा आहे, खाली यायला नाही.

त्यावर लाल शाईची फुली. शेजारी माझी सही आणि शेरा: ‘वहीत चित्रे काढू नयेत.’

मी बराच वेळ तसाच बसून होतो. हिने दिवा लावला तेव्हा संध्याकाळ झालेली कळली.

मग उठून त्या पोराने सांगितल्याप्रमाणे केलं. बुडाच्या सगळ्या कड्या काढल्या, मऊ स्प्रिंगा घातल्या. गाडी मागे थोडी बसली. पट्टीने मोजलं. आधी गाडी उचलली तर चाक दोन मिलिमीटर खाली येत होतं, आता नऊ. सकाळी खाचरात नेली. चाक खड्ड्यात उतरलं, तळ धरला आणि वर आलं. उडालं नाही. आम्हाला सगळ्यांना वाटतं की चांगली गाडी म्हणजे धक्का पचवून चाक वर घेणारी. ते अर्धंच आहे. खड्डा आला की चाकाला खाली जाता यायला हवं, नाहीतर जमीन सुटते. आणि ज्याची जमीन सुटली त्याला कितीही रेस द्या, तो जागच्या जागी गरगरणार.

वर्गातली किती मुलं मी वजन ठेवून आणि कड्या आवळून सरळ चालवली असतील, याचा हिशेब आता वहीत मांडता येत नाही. असो.

मे महिन्यात मुलगा आला. बहिणीकडे गेलो सगळे. त्याने गाडी हातात घेतली, उलटी करून बघितली, जमिनीवर ठेवून मागची बाजू दाबून सोडली. एकदा वर आली आणि गप्प. तो काही बोलला नाही. पुन्हा दाबली. मग रिमोट नातवाकडे न देता स्वतःच चालवत बसला, तासभर. अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या, बांधावर उकिडवा बसून. नातू दोनदा मागायला आला आणि दोनदा परत गेला.

रात्री मी ती निबंधाची वही त्याच्यासमोर ठेवली. लाल पेनही. म्हटलं, "फुली खोडून देतो."

त्याने पान बघितलं. खूप वेळ बघितलं. मग हसला. "राहू दे बाबा. निकाल लागून तेहेतीस वर्षं झाली. आता गुण वाढवून काय उपयोग?"

थोड्या वेळाने मात्र त्याने पेन उचललं, वही उलटी केली आणि त्या जुन्या चित्राच्या शेजारच्या कोऱ्या पानावर नवं चित्र काढायला घेतलं. अखंड आस काढून मागे दोन स्वतंत्र हात कसे बसवता येतील ते. "इथे बघा," म्हणाला. "या बाजूला तुम्हाला जरा घासावं लागेल."

मी चष्मा लावला आणि सरकून जवळ बसलो.