डिस्कचे बोल्ट
बाइकच्या पुढच्या ब्रेकची डिस्क उतरवली. बोल्ट हलेनात, हीट गनने तापवल्यावर आट्यांतला थ्रेडलॉकरचा डिंक नरमला आणि एकेक बोल्ट करकरत सुटला. आट्यांत निळी भुकटी अडकलेली. मेकॅनिक म्हणाला, ‘ब्रशनं घासा, लॉकटाइट लावा, चांगले आहेत की!’ त्याचंही चूक नाही. आटे शाबूत असतील, ॲलन कीचं भोक झिजलं नसेल, तर असे बोल्ट पुन्हा धरतात. पण होंडाच्या कित्येक मॅन्युअलांत नवेच घाला म्हणतात. नव्यांवर थ्रेडलॉकरचा थर आधीच असतो, आणि तो एकदाच कामाचा. चाक थांबवणारा जोर या पाच-सहा बोल्टांमार्फतच चाकापर्यंत पोचतो. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट तर नकोच. नवे मागवले. टॉर्क रेंच शेजाऱ्याकडून आणायचाय, देतो का बघू.