शेवटची खोली

आमच्या पडेगावात थंडी म्हणजे स्वेटर घालून सकाळच्या उन्हात बसणं. गेल्या हिवाळ्यात लीड्सला लेकाकडे गेलो. तिथे बॉयलरचं गरम पाणी पाइपांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरतं. मी बसायचो तो हॉल उकडायचा, टोकाच्या खोलीत आमच्या हिचे गुडघे आखडायचे. ‘कुठाय एवढी थंडी?’ मी म्हणायचो. लेक बॉयलर वाढवायचा, हॉल आणखी तापायचा.

एका रविवारी लेकाने पाइपांचं तापमान मोजलं, मी वहीत रकाने आखले. पाणी आत येताना आणि बाहेर जाताना साधारण ११-१२ अंशांचा फरक हवा. हॉलमध्ये जेमतेम ४! म्हणजे बहुतेक पाणी तिथूनच भरभर परत जात होतं. परतीच्या बाजूचा व्हॉल्व्ह थोडाथोडा आवळायचा, थांबायचं, पुन्हा मोजायचं. संध्याकाळी शेवटची खोली उबदार झाली.

मला कालव्याच्या टेलचे शेतकरी आठवले. वरच्यांची दारं सताड उघडी असली, की धरण भरूनही टेलला कोरडंच.

मंडळी, हॉल थोडा गार झाला, पण ही बऱ्याच दिवसांनी शांत झोपली. तिचं म्हणणं मी थर्मामीटरशिवायच ऐकायला हवं होतं.