वायरचं दुसरं टोक

वीकेंडला मुळशीला जाणाऱ्यांचे दोन प्रकार असतात. एक, चांदणी चौक ओलांडला की काच खाली करून 'काय मस्त हवा आहे ना!' म्हणणारे. दोन, प्लॉट बघायला निघालेले. मागच्या वर्षी जानेवारीत मी तिसऱ्याच कामाला निघाले होते. माझ्या मामाचं विमान मोडायला.

म्हणजे मी स्वतः मोडणार नव्हते, त्याला मोडायला लावणार होते. ही मोहीम मामीची. पौडच्या पुढे त्यांची थोडी जमीन होती, तिच्यावर पत्र्याची शेड आणि शेडमध्ये गेली वीस वर्षं एक अर्धवट विमान. जमिनीचा सौदा झाला होता. घेणाऱ्याला पावसाळ्याच्या आत जागा रिकामी हवी होती. "तू त्याची लाडकी भाची. वर पत्रकार. लेख लिहायचाय म्हण, चार रविवार जा आणि हळूच विषय काढ," मामीने ब्रीफ दिलं. मानधन म्हणून उकडीचे मोदक. फ्रीलान्सर एवढ्यावर नाही म्हणत नाही.

मामाच्या विमानाबद्दल घरात विनोदच जास्त व्हायचे. मी ते नीट बघितलं त्या दिवशी. पहिला विचार आला, हे उलटं जोडलंय. छोटा पंख पुढे नाकाशी, मोठ्या पंखांची जागा मागे, इंजिनाची त्याच्याही मागे. "उलटं नाही, कनार्ड आहे," मामा म्हणाला. "फ्रेंचमध्ये कनार्ड म्हणजे बदक. राइट बंधूंनी १९०३ मध्ये उडवलं, त्यातही छोटे पंख पुढेच होते. आपण नंतर शेपटीची सवय लावून घेतली."

मामा फायबरग्लासच्या कारखान्यात नोकरीला होता. पाण्याच्या टाक्या, केबिन्स असलं काम. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या मित्राने त्याला ड्रॉइंग्जचं भेंडोळं आणून दिलं. विमानाचं नाव लाँग-ईझी. बर्ट रुटान नावाच्या अवलियाचं हे डिझाइन १९७९ मध्ये पहिल्यांदा उडालं. दोघांचं विमान, एकामागे एक बसायचं. खासियत ही, की ते घरच्या गॅरेजमध्ये बनवता येतं. साचा लागत नाही. फोमचा ठोकळा तापलेल्या तारेने पंखाच्या आकारात कापायचा, त्यावर काचेचं कापड इपॉक्सीत भिजवून चढवायचं, झाला पंख. रुटानने १९८५ मध्ये ड्रॉइंग्ज विकणं बंद केलं. त्याच्याच डिझाइनचं 'व्हॉयेजर' हे कनार्ड विमान डिसेंबर १९८६ मध्ये कुठेही न थांबता, इंधन न भरता, नऊ दिवसांत पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आलं. मामाने त्या बातमीचं कात्रण लॅमिनेट करून शेडमध्ये लावलं होतं.

"पण पुढे पंख कशाला?" मी विचारलं.

"वेग फार कमी झाला, नाक फार वर गेलं, की पंखावरची हवा सुटते. उचल संपते. त्याला स्टॉल म्हणतात. यात पुढचा पंख आधी दमतो. तो दमला की नाक आपोआप खाली येतं, वेग वाढतो आणि मोठा पंख दमायच्या आत विमान सावरतं. मात्र उतरताना वेग जास्त ठेवावा लागतो, धावपट्टी लांब लागते. फुकट काही मिळत नाही."

हे ऐकताना मला ऑफिसातला आमचा जुना टीम लीडर आठवला. तोही सगळ्यांच्या आधी दमायचा. त्याच्यामुळे कोणी सावरलं मात्र नाही.

लेखाचं निमित्त होतं, म्हणून मी जरा वाचलं. हे वेड एकट्या मामाचं नव्हतं. बंगळुरूच्या नॅशनल एरोनॉटिकल लॅबोरेटरीने याच लाँग-ईझीवरून एक प्रायोगिक कनार्ड विमान बनवलं आणि १९८७ मध्ये उडवलं. त्या कामाचे प्रमुख होते प्रा. रुस्तम दमानिया. पुढे डीआरडीओने त्यावरून वैमानिकाशिवाय उडणारं विमान तयार केलं आणि त्याला नाव दिलं 'रुस्तम'. नोव्हेंबर २००९ मध्ये होसूरला पहिलं उड्डाण झालं. उतरताना उंचीचा अंदाज चुकला आणि विमान आपटलं. ऑक्टोबर २०१० मध्ये पुन्हा उडवलं, तेव्हा नीट उतरलं. दमानिया हे बघायला नव्हते. ते २००१ मध्येच गेले होते.

आणि आपले कॅप्टन अमोल यादव! पेशाने पायलट. कांदिवलीत, राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा सीटचं विमान बांधलं. ते कनार्ड नाही, नेहमीच्या शेपटीचं आहे. आधीचे दोन प्रयत्न फसले, हे तिसरं. २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ते मांडलं, तेव्हा लोकांनी सेल्फीसाठी गर्दी केली. नोंदणी व्हायला नोव्हेंबर २०१७ उजाडला. आणि प्रत्यक्ष उड्डाण झालं २०२० मध्ये, धुळ्याच्या धावपट्टीवर. सुरुवात केली होती १९९८ मध्ये. मी एका नोकरीत एकदा अकरा महिने टिकले होते, तो माझा रेकॉर्ड आहे.

मामाचं गाडं मात्र एका पावसाने अडवलं होतं. सुरुवातीच्या लाँग-ईझीचा पुढचा पंख ओला झाला की थेंबांमुळे हवा लवकर सुटायची, उचल कमी व्हायची, नाक खाली जायचं. पायलटला स्टिक मागे ओढून धरावी लागायची. नंतर जॉन रॉन्झ नावाच्या माणसाने या विमानासाठी पावसातही न बिघडणाऱ्या आकाराचा पंख तयार केला. मामाला हे कळलं, तेव्हा त्याचा जुन्या आकाराचा पंख तयार होता. "मुळशीत राहून पावसाला घाबरणारं विमान काय कामाचं?" म्हणून त्याने तो भिंतीला टांगला आणि नवा करायचं ठरवलं. मग नोकरी, मुलांची शिक्षणं, आजोबांचं आजारपण. नवा पंख राहूनच गेला. वर इथे काम करायचं तर नोव्हेंबर ते मे. पावसाळ्यात हवा इतकी दमट, की इपॉक्सीवर मेणचट थर येतो आणि वरचं कापड नीट धरत नाही.

दुसऱ्या रविवारी मी धीर करून विषय काढला. "मामा, हे उडणार आहे का रे?"

"नाही," तो शांतपणे म्हणाला. "इंजिन, परवानग्या आणि माझं ब्लडप्रेशर, तिन्ही एकदम जमायचं नाही. शेड जूनमध्ये जाणार, तेही माहितीये. तुला मामीने पाठवलंय, तेही."

माझा चेहरा पडला. तो हसला. "एक पंख तरी बरोबर करून बघतो. तू आलीच आहेस, तर वायर धर."

गरम तारेने फोम कापायला दोन माणसं लागतात. ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना पंखाच्या आकाराची टेम्पलेट्स, त्यांवर कडेने आकडे. दोघांनी तारेचं एकेक टोक धरायचं आणि आकडे मोठ्याने म्हणत एकाच वेळी पुढे सरकायचं. एक टोक पुढे गेलं की तार तिरकी होते आणि पंखाला पीळ पडतो. डिमरस्टॅट लावून मामाने तार तापवली, दारं सताड उघडली आणि आम्ही सुरू केलं. मी सातवर होते, तो पाचवर. ठोकळा वाया. दुसऱ्यांदा मी थांबले, तिथे तारेने खड्डा पाडला. दुसराही वाया. डेडलाइनवर जगणाऱ्या माणसाला एका सेकंदाला एक आकडा म्हणणं किती अवघड आहे, ते त्या दिवशी कळलं.

भिंतीवरच्या जुन्या पंखाशेजारी जुनी टेम्पलेट्स टांगलेली होती. त्यांवरचे आकडे मोत्यासारखे. "हे तुझं अक्षर नाही," मी म्हटलं.

"तुझ्या मामीचं. १९९१. लग्नाला दोन वर्षं झाली होती. तेव्हा दुसरं टोक तीच धरायची."

हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. मामीनेही नाही.

तिसऱ्या रविवारी मोहीम कुठवर आली हे बघायला मामी स्वतः डबा घेऊन आली. कोपऱ्यातले वाया गेलेले ठोकळे तिने पाहिले. मग माझ्याकडे. डबा टेबलावर ठेवला, पदर खोचला आणि म्हणाली, "सरक."

"एक," मामा म्हणाला. "एक," मामी म्हणाली. सव्वीसपर्यंत दोघं असं म्हणत गेले. कोणी कोणाकडे बघितलं नाही. तार बाहेर आली, वरचा तुकडा उचलला. पृष्ठभाग आरशासारखा. मामी म्हणाली, "आकडे काय घाणेरडे काढलेत तू!" आणि नवी टेम्पलेट्स पुसून स्वतः लिहायला बसली.

मेपर्यंत पंख पूर्ण झाला. पत्र्याखाली घाम पुसत मी रेझिन मोजलं, कापड दाबलं, दोन टॉप्स कायमचे खराब केले. शेवटी परीक्षा. पंख उलटा करून स्टँडवर ठेवला आणि मामाने गणित करून ठरवलेल्या वाळूच्या पिशव्या एकेक करून चढवल्या. टोक पट्टीने मोजत होतो. वाकलं, थांबलं. पिशव्या काढल्यावर पुन्हा जागेवर आलं. मामा बराच वेळ पट्टी हातात धरून उभा होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शेड रिकामी झाली. विमानाचं धड पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजने मुलांना शिकवायला नेलं. जुना पंखही दिला. नवा द्यायची वेळ आली, तेव्हा मामी म्हणाली, "हा घरी." बारा फुटांचा पंख लिफ्टमध्ये जाईना. कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीत चार मजले जिन्याने, प्रत्येक वळणावर उभा करत, आम्ही तो वर नेला. मुंबईत विमान गच्चीवरून खाली आलं. आमच्याकडे पंख गच्चीवर चढला. सेक्रेटरींना मामीने सांगितलं, "सोलरचं काहीतरी आहे."

मोहीम फसली, तरी मोदक मिळाले.

मग जुलैत एका संध्याकाळी मामीचा फोन आला. मागे पावसाचा आवाज.

"तुझा मामा गच्चीवर पंख उघड्यावर काढून बसलाय. थेंब कसे बसतात ते बघतोय."

"आणि तू?"

"मी छत्री धरलीये."