माजघराचा रंग

कोकणातल्या जुन्या घराचं माजघर भर दुपारीही अर्ध्या उजेडात असतं. जांभ्याच्या जाड भिंती, खाली ओढलेली कौलं. ऊन पडवीतच थबकतं. अशा खोलीला नीळ घातलेला चुना द्यावा की काव, याचं माझं उत्तर ठरलेलं आहे, पण कावेवरही माझा जीव आहे.

काव म्हणजे लोहयुक्त तांबडी माती. जांभ्याला तांबडा करणारं लोहच तिच्यात असतं, त्यामुळे कावेची भिंत जमिनीतूनच वर आल्यासारखी वाटते. गोव्याकोकणातल्या देवळांवरची कावीची चित्रं हिचीच: ओल्या गिलाव्यावर कावेचा थर द्यायचा, तो कोरायचा आणि खालचा पांढरा चुना उघडा पाडायचा. सकाळच्या तिरप्या उन्हात त्या भिंती पेटतात.

नीळ मात्र परक्या मुलखातून आली. हा रंग पूर्वी अफगाणिस्तानच्या खाणीतला लाजवर्द दगड कुटून काढत. १८२८ मध्ये गिमे या फ्रेंच माणसाला तो कृत्रिमरीत्या बनवल्याबद्दल बक्षीस मिळालं, आणि राजवाड्यातला रंग हळूहळू धुण्याच्या बादलीपर्यंत आला. चुन्यात तो टिकतो. ओला असताना गडद दिसतो, वाळता वाळता फिकटतो आणि दुसऱ्या दिवशी भिंत जणू एक पाऊल मागे सरलेली असते.

खरा फरक तिन्हीसांजेला कळतो. उजेड ओसरताना तांबडा रंग आधी काळवंडतो, निळा मात्र उजळ वाटू लागतो. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १८२५ मध्ये हे नोंदवलं: मंद उजेडात डोळ्यांची संवेदना निळ्याकडे झुकते. माजघरात तर दिवसभर तिन्हीसांजच. तिथे काव दिली, तर देव्हाऱ्यात दिवा लागण्याआधीच भिंती अंगावर येतात. निळ्या भिंतीपाशी बसलेल्या आजीचा चेहरा तेव्हाही ओळखू येतो, आणि घराकडून मला एवढं तरी हवंच.

दुकानात ट्यूबलाइटखाली हातभर कार्डांतून रंग निवडणाऱ्याला ही वेळ दिसत नाही, याची खंत वाटते. चार बोटं रंग भिंतीला लावून संध्याकाळपर्यंत थांबावं.

पावसाळ्यात निळं माजघर गारठलेलं वाटतं, हे खरं. पण जुन्या गवंड्यांनी त्याचीही सोय केली होती: निळ्याच्या तळाशी, जमिनीलगत, हातभर कावेचा पट्टा. चिखलाचे शिंतोडे त्यात लपत आणि बसल्या माणसाच्या पाठीला तांबड्याची सोबत मिळे.