ओडिसियसचं ऑडिट

अथेन्स ऊन, रांगा आणि संगमरवर यांतच संपलं. अ‍ॅक्रोपोलिसवर माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांचं वाचावं. मला ओढ होती ती इथाकाची. ट्रॉयचं युद्ध संपवून घरी निघालेला आणि वाटेत १० वर्षं हरवलेला ओडिसियस, त्याचं हे आयोनियन समुद्रातलं बेट.

खरं सांगायचं तर हा वीर मला कधीच आवडला नाही. १२ जहाजं भरून माणसं नेली आणि परत आला एकटा! आमच्या बँकेत एखाद्या शाखाधिकाऱ्यानं असा ताळेबंद दाखवला असता तर त्याची खातेनिहाय चौकशी लागली असती. माझी सगळी नोकरी तपासणी विभागात गेली, तेव्हा पराक्रम म्हटलं की मी आधी व्हाउचर मागतो.

बेट देखणं आहे, पण कुठल्या राजाला आंदण द्यावं असं नाही. नुसते डोंगर, मधूनमधून ऑलिव्ह आणि सरूची झाडं, आणि शेळ्या. टेलिमॅकसला, म्हणजे ओडिसियसच्या मुलाला, स्पार्टाचा राजा घोडे भेट देतो तेव्हा तो म्हणतो, आमच्याकडे घोडे दौडवायला सपाट जागाच नाही. हे वाक्य मला वाथी गावातून उत्तरेकडे जाताना प्रत्येक वळणावर पटत होतं. जुनी घरं कमीच. १९५३ च्या ऑगस्टमधल्या भूकंपानं ती पाडली. त्याआधीपासून इथली माणसं पोटासाठी बाहेर जात होती, भूकंपानंतर आणखी गेली. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये इथाकाच्या लोकांची संस्था १९१६ पासून आहे.

हेच होमरच्या ‘ओडिसी’ काव्यातलं इथाका का, यावर विद्वानांची भांडणं आहेत. होमर म्हणतो, बेट सखल आणि सर्वांत पश्चिमेला. हे तर उभंच्या उभं आणि केफालोनियाच्या पूर्वेला. म्हणून जर्मन संशोधक ड्योर्पफेल्ड यांनी लेफ्काडा बेटाचं नाव पुढं केलं, तर २००५ मध्ये रॉबर्ट बिटलस्टोन यांनी केफालोनियाच्या पश्चिम टोकाचं. मला या वादात रस नव्हता. स्टाव्रोस गावातल्या छोट्याशा संग्रहालयात मात्र मी अडकलो. खालच्या ‘पोलिस’ नावाच्या उपसागराच्या काठी एक गुहा होती. तिथं १९३० च्या दशकात सिल्व्हिया बेंटन या इंग्रज बाईंनी उत्खनन केलं. त्यांना सापडलेले आणि आधी मिळालेला एक, असे तीन पायांचे १३ ब्राँझचे हंडे. आता गंमत बघा. ओडिसियसला शेवटी घरी पोचवणारे फेशियन लोक निघताना त्याला भेटी देतात. त्यांचा राजा आणि १२ सरदार, प्रत्येकी एक तिपायी हंडा. आकडा जुळला! पण हे हंडे इसवी सनापूर्वी नवव्या-आठव्या शतकातले, म्हणजे ट्रोजन युद्धाचा जो काळ मानतात त्याच्या कित्येक पिढ्यांनंतरचे. रक्कम बरोबर, तारीख चूक. शेजारी मातीच्या मुखवट्याचा एक तुकडा आहे, त्यावर ओडिसियसला नवस वाहिल्याची ग्रीक अक्षरं. म्हणजे इथले लोक त्याला पुजत होते, एवढं सिद्ध होतं. नवसाची पावती म्हणजे जमाखर्च नव्हे.

त्या दुपारी वायव्येचा वारा सुटला आणि बोटी बंद झाल्या. पुढची सगळी आरक्षणं बुडणार म्हणून मी ज्या घरात उतरलो होतो तिथं ओट्यावर येरझाऱ्या घालत होतो. घरमालकीण ऐंशीच्या घरातल्या. उमेदीची वर्षं मेलबर्नमध्ये काढलेली, त्यामुळे इंग्रजी फर्डं, पण ऑस्ट्रेलियन वळणाचं. अर्धं मला दोनदा विचारावं लागे. त्यांनी एक बशी पुढं ठेवली. रोवानी. तांदूळ, मध, ऑलिव्हचं तेल आणि वर लवंगा. पहिल्याच घासाला वाटलं, हा नारळ विसरलेला नारळी भात. दुसरी वडी मी न विचारता उचलली.

“बसा जरा,” त्या म्हणाल्या. “ओडिसियसला सात वर्षं बोट मिळाली नाही. तुम्हाला एक संध्याकाळ जड?”

“दहा वर्षं,” मी म्हणालो. चूक दिसली की माझी जीभ आवरत नाही.

“दहातली सात एकाच घरी, कॅलिप्सोकडे. दिवसभर किनाऱ्यावर बसून बायकोच्या नावानं रडायचा. आणि रात्री?”

रात्रीचं होमरनं लिहून ठेवलंय, तेव्हा मी गप्प बसलो. पण बोलणं माझ्या प्रांतात शिरलं होतं. मी खिशातलं पेन काढलं, त्यांनी कागदी रुमाल पुढं सरकवला आणि आम्ही दोघांनी मिळून त्या जगप्रसिद्ध समुद्रप्रवासाचा हिशेब मांडला. कॅलिप्सोकडे ७ वर्षं. सर्सी या चेटकिणीकडे खाणंपिणं करत १ वर्ष, तेही सोबत्यांनी ‘आता घरी चला’ म्हणेपर्यंत. वाऱ्यांचा राजा इओलस, त्याच्याकडे पाहुणचार १ महिना. सूर्याच्या बेटावर वारा उलटा म्हणून आणखी १ महिना. प्रत्यक्ष पाण्यावरचे दिवस? कमळ खाणाऱ्यांच्या देशापर्यंत ९ दिवस वादळ. इओलसकडून निघून ९ दिवस, दहाव्या दिवशी इथाकाच्या शेकोट्या दिसल्या, आणि नेमका तेव्हाच हा झोपला! सोबत्यांनी वाऱ्याची पिशवी उघडली, जहाजं पुन्हा मागं. पुढं जहाज फुटल्यावर ९ दिवस लाकडाला धरून, कॅलिप्सोकडून तराफ्यावर १७ दिवस, मग पोहणं. होमरनं मोजून दिलेले समुद्रावरचे दिवस दोन महिनेही भरेनात.

“आणि साक्षीदार?” बाईंनी विचारलं. “सगळे मेले.”

साक्षीदारांचा हा मुद्दा मी आजवर कुठं ऐकलाच नव्हता. काव्याचे सर्ग २४. त्यातल्या ९ ते १२ या चार सर्गांत समुद्रावरच्या त्या अद्भुत गोष्टी येतात, आणि त्या स्वतः ओडिसियस सांगतो. परक्या राजाच्या मेजवानीत, त्याच्याकडून बोट हवी असताना. एकडोळ्या राक्षसाचा, सायक्लॉप्सचा, डोळा फोडल्याचं देवांचा राजा झ्यूसही बोलतो, कॅलिप्सोचं कवी स्वतः सांगतो, ते मान्य. पण सायरेनचं गाणं, सहा तोंडांची सिला, मृतांच्या लोकातली फेरी? एका माणसाची जबानी. आणि माणूस कसला? इथाकाच्या किनाऱ्यावर उतरताच अथीना देवीला थाप मारतो, मी क्रीटचा. डुकरं राखणाऱ्या युमेयसला तेच, बायकोलाही तेच. सगळे शत्रू मारून झाल्यावर, काही गरज नसताना, म्हाताऱ्या बापालाही खोटं नाव सांगतो.

“माझे यजमान मालवाहू जहाजावर होते,” बाई म्हणाल्या. “आले की गोष्टी पोतंभर. लाटा घराएवढ्या, मासे बोटीएवढे. मी ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, आपलं छप्पर कुठल्या कोपऱ्यात गळतं ते सांग. ते त्यांना कधीच सांगता आलं नाही.”

ओडिसियसच्या बायकोनं, पेनेलोपीनं, दुसरं काय केलं? १०८ मागणी घालणारे घरात ठाण मांडून बसलेले असताना विणकाम पुरं झालं की लग्न करते असं सांगून तिनं दिवसा विणायचं आणि रात्री उसवायचं, असं तीन वर्षं निभावलं. नवरा समोर उभा राहिला तेव्हा तिनं त्याला राक्षसांबद्दल एक अक्षर विचारलं नाही. दासीला म्हणाली, पलंग बाहेर आणून ठेव. तो भडकला: जिवंत ऑलिव्हच्या बुंध्यावर मी स्वतः बांधलेला पलंग हलेल कसा? तेव्हा कुठं तिची खात्री पटली. बाप लेअर्टीसही पुरावा मागतो. ओडिसियस पायावरचा व्रण दाखवतो, आणि मग लहानपणी बापानं आपल्याला दिलेली झाडं मोजून सांगतो: १३ नासपती, १० सफरचंदं, ४० अंजिरं, द्राक्षांच्या ५० ओळी.

हे मी बाईंना वाचून दाखवलं तेव्हा त्या पहिल्यांदा त्याच्यावर खूश झाल्या. “झाडं लक्षात होती ना? मग घेतला घरात, ठीक केलं.”

पहाटे वारा पडला, बोट सुटली. केफालोनिया, पात्रास, परतीचं विमान: त्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

तपासणीचा निष्कर्ष असा. समुद्रप्रवासाची नोंद आहे, पुष्टी अपुरी, आणि गेलेल्या माणसांचा खुलासा असमाधानकारक. झाडांचा हिशेब मात्र चोख, आणि त्या एका नोंदीवर मी हे खातं मंजूर करतो. ‘ओडिसी’ हातात घ्याल तर तेराव्या सर्गापासून सुरुवात करा. तिथं तो घरी पोचतो आणि उरलेलं अर्धं काव्य बहुतेक इथाकातच घडतं. आणि इथाकाला जाल तेव्हा वाऱ्यानं बोटी बंद झाल्या तर कुरकुर करू नका; कुणाच्या तरी ओट्यावर बसा आणि रोवानी मागा.